उशिरा दिलेली ओ

दोन हजार चार साल होतं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. फौजीला जाऊन महिना झाला होता आणि माजी सैनिक संघाचे सेक्रेटरी जेवणाच्या टेबलाशी बसून त्याचा शेवटचा फॉर्म भरत होते.

“नाव आहेच माझ्याकडे. जन्मसाल सांगा.”

“छत्तीस,” फौजीची बहीण म्हणाली.

“तेहेतीस,” त्याची बायको म्हणाली.

सेक्रेटरींनी पेन कागदावरून उचललं. उभी हयात त्यांनी फौजेच्या रसदखात्यात काढली होती. तीन पोत्यांचा फरक चालवून घेतला नाही, तर तीन वर्षांचा कसा घेतील?

“दोघींनी एक काय ते ठरवा.”

“तेहेतीसच,” बहीण घाईने म्हणाली. “वय झालं माझं. माझंच साल सांगून बसले.”

तिचं साल चौतीस होतं, आणि हे तिच्या भावजयीला पक्कं ठाऊक होतं.  भावजयीने मात्र चहाचा कप सेक्रेटरींच्या हाताशी थोडा सरकवला.

या बहिणीला सगळी गल्ली ताई म्हणत असे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तिने लोकांची बोलणी जोडून दिली, स्वतःचं लग्न मात्र काही जुळवलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरातली मागची खोली तिची झाली. नणंद-भावजय एका छपराखाली म्हणजे रोज भांड्याला भांडं लागायचं, पण आवाज घराबाहेर जात नसे.

“काही विशेष आठवण?” सेक्रेटरींनी विचारलं. “शौर्य वगैरे?”

“रोज बुटांना पॉलिश करायचे,” भावजय म्हणाली. “बाहेर जायचे चपला घालून. पण बूट चकाचक.”

सेक्रेटरींनी लिहिलं, ‘शिस्तप्रिय.’

“ऐकू कमी यायचं. हाक मारली की जरा वेळानं ओ द्यायचे.”

सेक्रेटरींनी लिहिलं, ‘तोफखान्यात सेवा बजावताना श्रवणशक्ती गमावली.’

ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

जाताना सेक्रेटरी दारात थांबले. “मार्चच्या शेवटच्या रविवारी आपली हजेरी असते. वर्षभरात जे गेले त्यांची नावं घेतो आणि मग ती दगडावर कोरतो. दोघींनी यायचं. मुलीलाही बोलवा.”

दार लावून भावजय परत आली. तिने कप उचलला नाही. सेक्रेटरींच्याच खुर्चीवर बसली.

“वन्सं, हॉस्पिटलात तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारलीत?”

ताईला वाटलं होतं, हा प्रश्न यायचा राहिला. महिनाभर आला नव्हता. पण राहिलेला प्रश्न उधारीसारखा असतो, तो दार विसरत नाही.

झालं होतं ते असं. शेवटच्या दिवशी फौजी डोळे उघडत नव्हता. नर्स त्याच्या कानाशी वाकून त्याचं नाव घेऊन ओरडत होती. डावा कान तर कधीच कामातून गेलेला, उजवा अर्धामुर्धा. नर्स थकली. तेव्हा पायथ्याशी उभ्या असलेल्या ताईने, एक्स्चेंजमध्ये बोलायची त्या हलक्या, स्वच्छ आवाजात, एकच शब्द उच्चारला. फौजीने डोळे उघडले आणि म्हणाला, “ओ.”

लगेच म्हणाला. मध्ये श्वासाचंही अंतर गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. ती ओ त्याची शेवटची.

“ते त्याचं नाव होतं,” ताई म्हणाली. “त्याचं स्वतःचं.”

“आणि मग फॉर्मवर आहे ते कुणाचं?”

“थोरल्याचं.”

*

भावंडं तीन. थोरला, मधली ही ताई, आणि धाकटा. वडील सुतार. थोरला सातवी पास झाला, दाखला घेऊन घरी आला, आणि त्याच वर्षी तापाने गेला. पंधरा वर्षांचा होता. आईने त्याचा दाखला पत्र्याच्या ट्रंकेत, त्याच्या सदऱ्याच्या घडीत ठेवला. घरात त्याचं नाव घ्यायचं बंद झालं. घेतलं की आई हातातलं काम खाली ठेवायची आणि ते पुन्हा उचलायला तिला तास तास लागायचा.

पुढे चार वर्षांनी फौजेत भरती सुरू झाली. धाकटा सोळा वर्षांचा होता. उंचीने अठराचा दिसे, पण दाखला सोळाच म्हणत होता. एका दुपारी तो ताईला म्हणाला, “थोरल्याचा दाखला नुसता पडून आहे.”

“पडून नाही, ठेवलाय.”

“मी परत आणून ठेवीन.”

तो दाखला कधी परत आला नाही. तो फौजेच्या फायलीत गेला, आणि त्याबरोबर धाकटाही गेला. महिन्याने पोस्टमन दारात आला आणि त्याने पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव खणखणीत वाचलं. आई चुलीपुढून उठली, दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर बसली. पत्रात लिहिलं होतं, मी सुखरूप आहे, जेवण बरं आहे, बूट मोठे आहेत. खाली सही थोरल्याची होती.

वडील रागावले. “खोटं बोलून गेलाय, आता खोटं निभाव म्हणावं.”

आई मात्र ताईला म्हणाली, “उत्तर लिही. पत्ता नीट घाल. थोरल्याच्या नावानं.”

“आई, तो धाकटा आहे.”

“मला कळतं गं. पण त्या नावाला आता कुणीतरी ओ देतंय ना.”

आणि पुढे अठरा वर्षं, आई जाईपर्यंत, ताई तिच्यासाठी पत्रं लिहीत राहिली. मायना थोरल्याला, मजकूर धाकट्याला. पत्र सांगताना आईची कधी कधी गल्लत होई. ‘लहानपणी तू पेरूच्या झाडावरून पडलास’ असं ती सांगे, आणि ताईला आठवे की पडला होता तो थोरला. ती तसंच लिही. धाकटा तिकडून लिही, ‘हो, गुडघा अजून दुखतो.’

तिकडे त्याची वेगळीच तऱ्हा झाली होती. सकाळच्या हजेरीला नाव पुकारलं जायचं आणि याला कळायचंच नाही की ते आपलं आहे. जरा वेळाने डोक्यात उजेड पडायचा आणि मग “हजर.” कवायत शिकवणारा उस्ताद त्याच्या कानाशी येऊन ओरडला, “बहिरा आहेस का रे?” आता काय सांगायचं? बहिरा नाही म्हणावं, तर मग नाव ऐकून गप्प का राहतोस? धाकटा म्हणाला, “थोडं कमी ऐकू येतं, उस्ताद.” डॉक्टरनेही कानात बॅटरी मारून तसंच लिहून टाकलं. माणसांची गरज होती, एकदा घेतलेला परत कोण पाठवतो? उस्ताद म्हणाला, “पाठवा याला तोफांवर. तिथं सगळेच बहिरे.”

असा तो तोफखान्यात गेला. ज्या पायदळाच्या तुकडीतून त्याला काढलं, ती पुढे एका लढाईत नदीकाठी अडकली आणि तिच्यातली अर्धी माणसं आली नाहीत. तो वाचला तो उशिरा ओ दिल्यामुळे. पण तोफेशेजारी चोवीस वर्षं उभं राहिल्यावर तोफेने आपलं देणं वसूल केलंच. आधी डावा कान गेला. मग उजवा निम्मा. सोंग घेतलं ते अंगाला चिकटलं.

आपलं नाव तो फक्त एका ठिकाणी उच्चारायचा. वर्षातून एखादा ट्रंक कॉल एक्स्चेंजमध्ये यायचा, मध्ये नुसती खरखर, आणि त्या खरखरीपलीकडून तो ताईला आपलं नाव सांगायचा. नुसतं नाव.

“ओळखलं,” ताई म्हणायची. “तीन मिनिटं आहेत. बोल.”

बहुतेक वेळा तो काही बोलायचा नाही. तीन मिनिटं संपली की ताई तार काढायची.

*

भावजयीने सगळं ऐकलं. ऐकताना ती टेबलावरचा चहाचा ओला गोल बोटाने पुसत होती.

“म्हणजे माझं लग्न कुणाशी लागलं?”

“त्याच्याशीच.”

“एकेचाळीस वर्षं संसार केला मी. मला का नाही सांगितलं?”

ताईला इथे खोटं बोलता आलं असतं. मेलेला माणूस साक्षीला येत नाही. पण ती म्हणाली, “तो सांगणार होता. लग्नाच्या आदल्या दिवशी मला विचारलं त्यानं, तिला सांगू का. मीच म्हटलं, नको. ती तुला ‘अहो’ म्हणणार. ‘अहो’ला काय, कुठलंही नाव चालतं.”

भावजय उठली, कप घेऊन मोरीत गेली आणि तो एक कप ती फार वेळ घासत राहिली.

पुढचा महिनाभर घरात थंडी होती. भावजय ओरडणारी बाई नव्हती, ती टोचायची. “वन्सं, जेवायला चला. का तुम्हालाही दुसरं नाव आहे?” किंवा गॅसवाला आला की, “विचारा बाई त्याला, सिलिंडर आपल्याच नावाचा आहे ना.” ताई ऐकून घ्यायची. खाल्लेल्या मिठाला जागावं तशी ती केलेल्या चुकीला जागत होती.

पण रविवार जवळ येत होता, आणि ताईच्या मनात एक गोष्ट दिवसेंदिवस जड होत होती. एका संध्याकाळी तिने बोलायचं ठरवलं.

“त्या दगडावर थोरल्याचं नाव लागेल. ज्यानं फौज पाहिली नाही त्याचं. आणि जो चोवीस वर्षं तोफेशी उभा राहिला त्याचं कुठंच नाही. मी सेक्रेटरींना सांगते.”

भावजयीने विणकाम मांडीवर ठेवलं. “अजिबात नाही. माझ्या मुलीच्या प्रत्येक दाखल्यावर मधे ते नाव आहे. पेन्शनच्या कागदावर आहे. एक धागा ओढलात तर सगळं उसवेल. आणि लोक काय म्हणतील त्यांना? खोटारडा म्हणतील. ह्या घरात एक शिस्तप्रिय माणूस होता, तेवढा तरी राहू दे.”

“मी सत्तरीची झाले गं. त्याला त्या नावानं हाक मारणारी मी शेवटची. माझ्यामागे ते नाव होतं हेसुद्धा उरणार नाही.”

“इतकी वर्षं सांभाळलंत ना? आणखी सांभाळा. शब्द द्या मला.”

ताईने शब्द दिला. ज्या बाईचं आपण एकेचाळीस वर्षं नुकसान केलं, तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

हजेरीच्या आदल्या दिवशी दुपारी भावजय फौजीच्या बुटांना पॉलिश करत बसली होती. ते तिने फौजी गेल्यापासून चुकवलं नव्हतं. ब्रश फिरवताना वर न बघता ती बोलायला लागली.

“फौजेतून परत आल्यावर ते शाळेत घंटेवर होते ना, तेव्हा एक मुलगी होती तिसरीत. बाई हजेरी घ्यायच्या आणि ही लवकर ‘हजर’ म्हणायचीच नाही. बाई खाडा लावून पुढं जायच्या. हे दारात उभे राहून बघायचे. एक दिवस आत गेले आणि बाईंना म्हणाले, ‘तिला ऐकू येतं. जरा थांबा तिच्यासाठी. आपणच का ते, हे तिला आधी बघावं लागतं.’ बाई हसल्या म्हणे. घंटा वाजवणारा शिपाई बाईंना शिकवतोय.” तिने बूट उजेडाला धरून पाहिला. “मला घरी येऊन सांगितलं त्यांनी. मला वाटलं, बहिऱ्याला बहिऱ्याची कणव.”

भावजयीने दुसरा बूट घेतला.

“मी ‘अहो’ म्हटलं की लगेच वळायचे,” ती म्हणाली. “तेव्हा काही ऐकायला कमी यायचं नाही.”

*

संघाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. समोर काळा दगड, त्यावर वर्षावर्षाची नावं. दगडाच्या डाव्या हाताला म्हातारे माजी सैनिक एका रांगेत उभे होते; कुणाच्या हातात काठी, कुणाच्या छातीवर पदकं, एकाच्या एका पायात बूट आणि दुसऱ्यात सूज आल्याने चप्पल. ताई आणि भावजय दुसऱ्या रांगेत बसल्या. फौजीची मुलगी दोघींच्या मधे. ती कॉलेजात गणित शिकवायची. तिला अजून यातलं काही माहीत नव्हतं.

इथली रीत अशी होती. सेक्रेटरी नाव पुकारायचे, हजेरीला पुकारतात तसं. मग मनात तीन आकडे मोजायचे. ओ आली नाही की सगळी रांग एका आवाजात म्हणायची, “रजा मंजूर.” नोकरीत असताना मागितली तेव्हा कुणालाच मिळाली नव्हती, म्हणून.

त्या वर्षी अकरा नावं होती. फौजीचं नववं. सेक्रेटरींनी ते पुकारलं.

ताईने मोजलं. एक. दोन. तिच्या डोळ्यांसमोर फौजी आलाच नाही. सातवीचा दाखला हातात घेऊन दारात उभा असलेला पंधरा वर्षांचा मुलगा आला. तीन.

“रजा मंजूर.”

थोरल्याला छप्पन्न वर्षांनी रजा मिळाली. ताईने रुमाल डोळ्यांना लावला. थोरल्यासाठी तिला आनंद झाला होता, धाकट्यासाठी नाही. दहावं नाव झालं, अकरावं झालं. सेक्रेटरींनी कागद खाली केला आणि दर वर्षीप्रमाणे विचारलं, “कुणाचं नाव राहिलं आहे का?”

हा नुसता शिरस्ता होता. कधीकाळी कागदपत्रं हरवलेल्या काही जणांसाठी सुरू केलेला. वर्षानुवर्षं कुणी उभं राहिलं नव्हतं. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द दिला होता.

तिच्या शेजारच्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“एक राहिलं आहे,” भावजय म्हणाली. आणि तिने ते नाव घेतलं.

एकेचाळीस वर्षांत तिने ते कधी घेतलं नव्हतं; हेही नाही आणि तेही नाही. पहिलं अक्षर जरा अडखळलं. पुढचं नीट आलं.

“तुमचे कोण?” सेक्रेटरींनी विचारलं.

भावजयीने ताईकडे पाहिलं. मग म्हणाली, “दीर. धाकटे.”

“पलटण?”

“ह्यांचीच.”

“तोफखाना? दोघंही?” सेक्रेटरींनी कागद चाळले. “आमच्या यादीत नाही.”

“यादीत कसे सापडतील? ते कायम ह्यांच्या मागेच राहिले. पुढं कधी आलेच नाहीत.”

रांगेतला एक म्हातारा खोकला. मुलगी आईकडे बघत होती. तिला काका होते, आणि ते तोफखान्यात होते, हे ती पहिल्यांदा ऐकत होती.  सेक्रेटरी भावजयीशी न बोलता ताईकडे वळले.

“जन्मसाल?”

“छत्तीस,” ताई म्हणाली.

या वेळी भावजयीने दुरुस्ती केली नाही.

सेक्रेटरींच्या नजरेसमोरून ती जेवणाच्या टेबलावरची सकाळ गेली की नाही, ते कुणाला कळलं नाही. त्यांनी यादीच्या तळाशी नाव लिहिलं, साल लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

“कागद आहे काही?”

“नाही.”

“असू दे. हा प्रश्न कागद नसलेल्यांसाठीच असतो.”

ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी ते नाव पुकारलं. मोकळ्या अंगणात, मोठ्या आवाजात. सगळ्यांच्या देखत.

ताईने मोजायला सुरुवात केली. एक. या नावाला आजवर कधी मोजावं लागलं नव्हतं. दोन. खाली बसलेल्या भावजयीचा हात मुलीच्या मांडीवरून येऊन ताईच्या मनगटावर बसला. तीन.

“रजा मंजूर.”

*

त्याच संध्याकाळी दोघींनी मिळून मुलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग बाबांना स्वतःला कुठलं आवडायचं?” ते दोघींनाही सांगता आलं नाही. मुलीने आपल्या कागदांवरचं काही बदललं नाही. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजात तिचं पूर्ण नाव पुकारलं, तेव्हा ती जरा उशिरा उठली असं तिच्याबरोबरचे सांगतात.

सेक्रेटरी पुढे पाच वर्षांनी गेले. त्यांच्या कपाटात त्या वर्षीची यादी निघाली. तळाच्या नावापुढे समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘खात्री केली.’

ताई दोन हजार तेरामध्ये गेली, झोपेत. मागच्या खोलीत आईची पत्रं निघाली नाहीत. ती तिने कधी जाळली की फौजीबरोबरच गेली, कुणास ठाऊक. शेवटची काही वर्षं नणंद-भावजय दोघी घरात फौजीबद्दल बोलताना त्याचं नाव घ्यायच्या. कधी हे, कधी ते. काम असलं की थोरल्याचं, आठवण असली की धाकट्याचं.

भावजयीने आता ऐंशी ओलांडली आहे. तिला कमी ऐकू येतं, आणि हे खरोखरचं. बुटांना ती अजून पॉलिश करते, आठवड्यातून एकदा.

दगडावर त्या वर्षी पाथरवटाची पंचाईत झाली होती. अकरा नावांची जागा आखलेली, आणि बारावं आलं. त्याने विचारलं, बापाचं नाव आणि आडनाव एकच आहे ना? मग त्याने नवव्या ओळीत थोरल्याचं नाव कोरलं, त्याला चिकटून धाकट्याचं, आणि पुढे बापाचं नाव आणि आडनाव दोघांत मिळून एकदाच. अक्षरं थोडी बारीक आहेत. नवखा कुणी वाचायला लागला, तर त्याला ते एकाच माणसाचं लांबलचक नाव वाटतं.